कॉम्प्युटरचं विचारा: दोन हार्डडिस्क आणि त्यांचा आरसा

मागच्या अंकात जुने फोटो स्कॅन करून ठेवण्याबद्दल लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न एकच होता, की एवढं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, आता ते जपायचं कसं. त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न (मुलुंडहून, निवृत्त शिक्षक): माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या ९० मिनिटांच्या साठेक कॅसेट मी गेल्या दोन वर्षांत कॉम्प्युटरवर उतरवल्या. शिवाय घरचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ, सगळं मिळून दीड टीबी भरतं. हे सगळं एकाच २ टीबीच्या हार्डडिस्कवर आहे आणि ती हल्ली मधूनच टक् टक् असा आवाज करते. भाचा म्हणतो दोन डिस्क लावून मिरर करा, एक गेली तरी दुसरी राहते. विंडोज ११ होम आहे. काय घ्यायचं, कसं लावायचं आणि मला जमेल का?

उत्तर: काका, जमेल, नक्की जमेल, पण मिररचं नंतर. आधी ती टकटक. डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात मागेपुढे करत वाचत असतो, त्याला जेव्हा हवी ती जागा सापडत नाही तेव्हा तो मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो, तोच हा आवाज. म्हणजे ती डिस्क आता मोजके दिवस काढणार असं धरून चाला. ती उगाच चालू ठेवू नका, तिच्यावर व्हायरस स्कॅन नको, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) तर अजिबातच नको. एकदा चालू करायची, कॉपी करायची, बंद करायची.

आणि कॉपी करताना क्रम महत्त्वाचा. सगळे दीड टीबी एकदम ओढायला जाऊ नका, मध्येच डिस्कने मान टाकली तर काय आलं आणि काय राहिलं तेच कळणार नाही. पहिल्यांदा वडिलांची कीर्तनं. फोटो थोडेफार नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये असतील, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ एखाद्या विद्यार्थ्याकडे सापडेल, पण तुमच्या वडिलांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाहीये. मी हिशोब केला, सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइल असतील तर ९० मिनिटांची एक कॅसेट साधारण ९५० एमबी होते, साठ कॅसेट म्हणजे ५७ जीबीच्या आसपास. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसतं. पेनड्राइव्ह ही कायमची जागा नाही पण आजच्या रात्रीपुरती ती चालेल. हे वाचून झालं की लगेच करा. आणि कॅसेट टाकून दिल्या नसतील अशी आशा करते, दिल्या नसतील तर देऊ नका.

आता मिरर. दोन डिस्क लावायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायचं की जे काही लिहिशील ते दोन्हीवर लिही. तुम्हाला माय कॉम्प्युटरमध्ये एकच ड्राइव्ह दिसतो, आत मात्र सगळं दोनदा लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालूच राहतं, मेलेली काढायची, नवी लावायची, की कॉम्प्युटर उरलेल्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरवून घेतो. याला रेड म्हणतात, त्यातला रेड १ हा प्रकार. रेड हे नाव १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या निबंधातून रूढ झालं, दोन डिस्कवर तेच लिहायची युक्ती मात्र त्याच्याही आधीपासून वापरात होती. भाच्याला एवढंच सांगा की रेड ० नको, त्यात डेटा दोन डिस्कवर अर्धा अर्धा वाटला जातो आणि एक गेली की सगळंच जातं. नावात रेड आहे म्हणून काही लोक तेच करून बसतात.

काय घ्यायचं. दीड टीबी आहे, वाढणार आहे, तर ४ टीबीच्या दोन घ्या, साडेतीन इंची, कॅबिनेटमध्ये आत बसणाऱ्या. ४ आणि ४ मिळून ८ नाही, वापरायला ४च मिळणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घेताना सीएमआर आहे का ते बघा, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी, एकमेकींवर न चढवलेल्या. एसएमआर नावाचा दुसरा प्रकार असतो, त्यात जास्त माल मावावा म्हणून डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे एक पट्टी पुन्हा लिहायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. साध्या साठवणीला चालतं, पण मिररमध्ये नवी डिस्क भरताना ती फार रडवते. २०२० मध्ये उघड झालं की असा माल पुड्यावर न सांगता विकला जात होता, तेव्हापासून कंपन्यांच्या वेबसाइटवर कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं ते दिलेलं असतं. दुकानदाराला विचारण्यापेक्षा मॉडेल नंबर घेऊन तिथे बघा.

मी स्वतः लॅमिंग्टन रोडलाच जाते, ग्रँट रोडला उतरून चालत. ऑनलाइन घेतलं तरी माझी हरकत नाही, फक्त एक गोष्ट पाळा, दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांसाठी घेतलेल्या दोन डिस्क टेबलावर शेजारी ठेवल्या आणि लेबलं वाचली, बनवल्याची तारीख तीच आणि सीरियल नंबर शेवटच्या एका आकड्याने वेगळा. एकाच दिवशी एकाच लाइनवर बनलेल्या, एकाच कॅबिनेटमध्ये तेवढेच तास फिरणार, एकीत काही दोष असेल तर तोच दुसरीतही असायची शक्यता मोठी. आणि एक गेल्यावर नवी भरताना उरलेली डिस्क सलग काही तास पूर्ण वाचली जाते, नेमका तेव्हाच तिच्यावर ताण. मी त्यातली एक बदलून आणली. तुम्ही एक ग्रँट रोडवरून घ्या आणि एक पंधरा दिवसांनी ऑनलाइन, किंवा सरळ दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, मिररला चालतं.

पक्कं बिल घ्या, जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते तपासा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात डिस्क किती तास चालली तो आकडा दिसतो. नवीकोरी म्हणून घेतलेली डिस्क नऊ हजार तास दाखवत असेल तर ती कुणाच्या तरी सीसीटीव्हीत वर्षभर फिरून आलेली आहे, तशीच परत करा. हा आकडा पुसणारेही असतात, म्हणून वॉरंटीची तारीख आणि तास दोन्ही बघायचं.

बसवणं. कॅबिनेट बंद करा, वायर भिंतीतून काढा, बाजूचं झाकण काढा. धूळ असेल तर ती आधी साफ करा. प्रत्येक डिस्कला दोन वायरी जातात, पॉवरची रुंद आणि डेटाची अरुंद, दोन्हीची तोंडं इंग्रजी एल आकाराची असतात म्हणून उलटी बसतच नाहीत, बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवा. डेटाची वायर मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या मुख्य बोर्डावरच्या, साटा पोर्टमध्ये, म्हणजे डिस्क जोडायच्या खाचेत. दोन डिस्कच्या मध्ये एक खण रिकामा ठेवा, मुंबईच्या उकाड्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या डिस्क सहज पन्नास डिग्रीच्या वर जातात. मी चाळीसच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करते, समोर एक पंखा असला की पुरतं.

चालू केल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, तिथे स्टोरेज स्पेसेस. विंडोज ८ पासून हे आहे आणि होम एडिशनमध्येही चालतं. नवा पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र गट, बनवायला सांगा, दोन्ही नव्या डिस्कवर खूण करा, आणि इथे दोनदा बघा हं काका, कारण ज्यांच्यावर खूण कराल त्या पूर्ण पुसल्या जातात, जुन्या डिस्कवर चुकून खूण गेली तर वडिलांची कीर्तनं गेली. खरं तर या वेळी जुनी डिस्क वायर काढूनच ठेवा म्हणजे प्रश्नच नाही. प्रकार विचारेल तिथे टू-वे मिरर. साइजच्या खान्यात विंडोज स्वतः जो आकडा टाकतं तोच राहू द्या, तिथे प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मोठा आकडाही टाकता येतो आणि मग पुढे जागा संपली की गोंधळ. झालं, नवा ड्राइव्ह दिसायला लागेल.

पण त्यावर लगेच काही ठेवायचं नाही. माझं सगळ्यांना कळकळीने सांगणं आहे ते हेच आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. चारदोन फोटो आणि एक गाणं टाका, कॉम्प्युटर बंद करा, एका डिस्कची डेटा वायर काढा आणि चालू करा. फोटो उघडतात का? स्टोरेज स्पेसेसमध्ये इशारा दिसतो का, तो कसा दिसतो? नीट बघून ठेवा, फोटो काढून ठेवा त्या स्क्रीनचा, कारण खरंच डिस्क जाईल तेव्हा हेच दिसणार आहे आणि तेव्हा तुमचे हात कापत असतील. बंद करा, वायर परत लावा, चालू करा, मिरर परत जुळू द्या. मग हेच दुसऱ्या डिस्कचं. कुठली वायर काढली की कुठला सीरियल नंबर गायब होतो ते बघून डिस्कच्या कडेला मार्करने मोठे १ आणि २ लिहा. मेलेली समजून चांगली डिस्क काढून टाकणारे मी पाहिलेत. एवढं झालं की मग पेनड्राइव्हवरून कीर्तनं आणा आणि मग जुन्या डिस्कवरून बाकीचं.

आणि महिन्याच्या एक तारखेला ती स्क्रीन उघडून बघायची. माझ्याच घरी एका मिररमधली एक डिस्क सैल वायरमुळे बाहेर पडली होती आणि आम्ही कुणीच ते बघितलं नाही, फाइली उघडत होत्या, सगळं नेहमीसारखं, विंडोजची कोपऱ्यातली सूचना मुलीने कधीतरी बंद करून टाकलेली. उघडून बघितलं तर दुसऱ्या डिस्कवरची शेवटची फाइल गणपतीतली आणि तेव्हा होळी जवळ आली होती. पाच-सहा महिने आमचा सगळा संसार एकाच डिस्कवर चालू होता. काही गेलं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

एवढं करूनही काका, काम अर्धंच झालंय. पुढचं उत्तरही वाचा.

प्रश्न (विलेपार्ल्याहून, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा वाचक): मिरर लावलेला आहे म्हणून निर्धास्त होतो. घाईत चुकीचा फोल्डर शिफ्ट-डिलीट केला, एका लग्नाचं सगळं शूटिंग. दुसऱ्या डिस्कवर असेल म्हणून बघितलं तर तिथूनही गेलेलं. मग मिररचा उपयोग काय?

उत्तर: दादा, सगळ्यात आधी त्या ड्राइव्हवर काही लिहू नका, नवं शूटिंग टाकू नका, एडिटिंगचं सॉफ्टवेअर तिथे टेम्पररी फाइली टाकत असेल तर ते बंद करा. डिलीट म्हणजे फाइल पुसली जात नाही, तिची जागा रिकामी आहे एवढंच लिहिलं जातं, त्या जागेवर दुसरं काही बसेपर्यंत आशा असते. पण तिकडे वळण्याआधी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं बघा. पुन्हा वापरली नसतील तर तुमचं काम झालंच, आणि फॉरमॅट केली असतील पण नंतर त्यांच्यावर शूट केलं नसेल तरी फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने बरंच परत येऊ शकतं. कार्डांवर नाहीच मिळालं तर मग डिस्क, आणि परत मिळालेलं नेहमी वेगळ्या डिस्कवर घ्यायचं, त्याच ड्राइव्हवर नाही. तुमच्या साध्या हार्डडिस्क आहेत म्हणून हे सांगतेय, एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क, असत्या तर डिलीट केल्यावर ती स्वतःच मागून जागा साफ करत सुटते आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

आता उपयोगाचं. आरसा आहे तो, तुम्ही मिशी काढलीत तर आरशातल्या माणसाला मिशी कशी राहील? तुम्ही सांगितलं पुस, त्याने दोन्हीकडे पुसलं, त्याच क्षणी. फाइल खराब सेव्ह झाली तर दोन्हीकडे खराब. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा तो फाइली कुलूपबंद करून पैसे मागायचा, तसलं काही शिरलं तर दोन्ही डिस्कवरच्या फाइली एकदमच कुलूपबंद होणार. मिररचं काम एकच, एक डिस्क मेली म्हणून तुमचं काम थांबू नये. उद्या सकाळी लग्नाचा अल्बम द्यायचाय आणि रात्री डिस्क गेली, तर मिरर तुमची लाज राखतो. तेवढ्यासाठी तो हवाच. पण जुनी प्रत परत मिळणं हे वेगळं काम आहे आणि त्याला बॅकअपच लागतो.

आणि घर किंवा ऑफिस एकच असणं हाही धोका आहेच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या पावसात कलिन्याला तळमजल्यावरच्या एका छोट्या ऑफिसचा कॉम्प्युटर पूर्ण पाण्याखाली गेला. तो मी बघितलाय. आत दोन डिस्क, व्यवस्थित मिरर केलेल्या, झाकण उघडलं तर दोन्हींवर सारखाच चिखल. त्यांचे हिशोब परत उभे राहिले ते त्यांच्या अकाउंटंट बाईंनी शनिवारी घरी नेलेल्या सीडीवरून.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने ही पद्धत लोकप्रिय केली, तुमच्याच धंद्यातला माणूस. तुमच्यासाठी म्हणजे मिरर चालू कामाला, एक बाहेरची हार्डडिस्क जी रोज रात्री लावायची, बॅकअप घ्यायचा आणि काढून ठेवायची, लावलेलीच ठेवायची नाही, आणि तिसरी बहिणीकडे किंवा सासरवाडीला किंवा क्लाउडवर. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, ती फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते. मुलुंडच्या काकांनीही हेच करायचं, फक्त त्यांना रोज नको, नवी कॅसेट उतरवली की पुरे.

प्रश्न (लालबागहून): आमच्याकडे लाईट क्वचितच जाते. तरी मिररला यूपीएस लागतो का?

उत्तर: लागतो. मिररमध्ये एकच गोष्ट दोन जागी लिहिली जात असते आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली तर एकीवर नवं आणि दुसरीवर जुनं असं होऊ शकतं, मग पुढच्या वेळी दोन्ही पुन्हा जुळवत बसावं लागतं, आणि साध्या मिररला दोन्हींतलं खरं कुठलं हे ओळखता येतंच असं नाही. क्वचित म्हणाल तर १२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ आठवा, दहाच्या सुमाराला ग्रिड बसलं आणि जवळपास अख्खी मुंबई एकदम बंद, लोकल जागच्या जागी उभ्या. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, काम करत बसायला नाही, कॉम्प्युटर नीट बंद करायला पाचेक मिनिटं मिळाली की झालं. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची हे लक्षात ठेवा, कारण मेलेल्या बॅटरीचा यूपीएस लाईट असेपर्यंत अगदी ठणठणीत दिसतो.

प्रश्न (वर्सोव्याहून): समुद्र समोरच आहे. बॅकअपची डिस्क कपाटात ठेवली तर पावसाळ्यात खराब होईल का?

उत्तर: दमट हवेने डिस्क लगेच मरत नाही, पण खारी हवा वायरींच्या तोंडांना आणि पिनांना हिरवा-काळा थर आणते, ते मी तुमच्या भागात बरंच बघते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. आणि थंडगार एसीच्या खोलीतून काढून दमट खोलीत आणली की लगेच लावू नका, थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच तिच्यावरही सुटतं. तासभर राहू द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा लावून उघडून बघा, नुसती कपाटात ठेवून दिलेली प्रत आहे की नाही ते कोण सांगणार.

प्रश्न (बोरिवलीहून): एक २ टीबीची आणि एक ४ टीबीची मिरर केली तर चालेल का? आणि ४ टीबीची डिस्क ३.६३ दाखवते, फसवलं का?

उत्तर: चालेल, पण जागा २ टीबीच मिळेल, लहान डिस्कएवढी. आणि फसवलेलं नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, तीच जागा दोन मापांनी. एसएसडी आणि साधी हार्डडिस्क मिरर करू नका, लिहिताना दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात, एसएसडीचे पैसे वाया.

प्रश्न (दादरहून, एक वाचक ताई): बाबा सहा महिन्यांपूर्वी गेले. त्यांचा कॉम्प्युटर चालू होत नाही, दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड गेलाय, हा मॉडेल आता मिळत नाही. आत दोन सारख्या हार्डडिस्क आहेत. मी एक काढून यूएसबीच्या वायरीने माझ्या लॅपटॉपला लावली तर फॉरमॅट करू का असं विचारतंय. बाबांनी आईला लिहिलेली पत्रं टाइप करून ठेवली होती, ती त्यात आहेत. आता काय करू?

उत्तर: ताई, नाही म्हणा. फॉरमॅट विचारलं तरी नाही, इनिशियलाइज विचारलं तरी नाही, आणि लगेच काढून घ्या. तुम्ही थांबून विचारलंत हे फार बरं केलंत, कारण असा संदेश म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही, लॅपटॉपला तिची भाषा कळली नाही एवढाच त्याचा अर्थ. सध्या दोन्ही डिस्कवर १ आणि २ लिहा, कुठली कुठल्या वायरीला होती ते अजून दिसत असेल तर त्याचा फोटो काढा, आणि दोन्ही मऊ कापडात गुंडाळून ठेवा.

बाबांनी मिरर कशाने केला होता त्यावर पुढचं ठरतं. तीन शक्यता आहेत. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसने केला असेल तर सगळ्यात सोपं, दोन्ही डिस्क एकदम दुसऱ्या विंडोजच्या कॉम्प्युटरला आत साटा वायरीने लावल्या की तो पूल बहुतेक वेळा स्वतःच ओळखला जातो. एकटी डिस्क यूएसबीवर लावली की तो बुजतो, तुमच्याकडे कदाचित तेच झालंय. मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधून, केला असेल तर तो बोर्डाच्या पद्धतीने लिहिलेला असतो, इंटेलचा बोर्ड असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या बोर्डावर उघडतो, आणि लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, तिच्यातलं एमडीएडीएम हे सॉफ्टवेअर इंटेलची ती पद्धत वाचू शकतं. तिसरं म्हणजे बाबा स्वतःच लिनक्स वापरत असतील, तर त्याच एमडीएडीएमने उघडेल, आणि तिथे एकच डिस्क चांगली असली तरी पुरतं. म्हणूनच मी घरच्या कॉम्प्युटरला बोर्डाचा मिरर सुचवत नाही, डिस्क शाबूत आणि बोर्ड गेल्यामुळे माणूस अडकतो, विंडोजचा किंवा लिनक्सचा असेल तर कॉम्प्युटर कुठलाही चालतो.

कुठलीही शक्यता असो, पहिलं काम एकच, दोन्ही डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, तिसऱ्या मोठ्या डिस्कवर काढून घ्यायची आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या इमेजवर. हे लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरने होतं. ज्याच्याकडे न्याल त्याला हे आधी विचारा, इमेज काढणार का. नाही म्हणाला, किंवा आधी लावून बघतो म्हणाला, तर डिस्क उचला आणि निघा. ४ टीबीच्या चांगल्या डिस्कची इमेज काढायला सात-आठ तास सहज जातात, त्यामुळे अर्ध्या तासात करून देतो म्हणणाऱ्याकडेही देऊ नका.

आणखी एक, बाबांच्या कपाटात, डायरीत, जुन्या बिलांच्या फाइलीत ४८ आकड्यांचा एखादा कागद दिसतो का बघा, सहा सहा आकड्यांचे आठ गट. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलेलं असेल तर ती किल्ली आहे, आणि तिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाबांचं मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर तिथेही ती जपलेली असू शकते, त्यामुळे त्यांचा ईमेल आणि मोबाइल नंबर इतक्यात बंद करू नका.

बाकीच्या वाचकांनाही सांगते, आज रात्री एक कागद घ्या आणि त्यावर लिहा की मिरर कशाने केलाय, कुठल्या तारखेला केला, बॅकअपची डिस्क कुणाकडे आहे, किल्ली कुठे आहे, आणि तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावा. किल्ली स्वतः त्यावर लिहू नका, कुठे आहे तेवढंच.

ताई, तुम्ही दोन्ही डिस्कच्या लेबलांचे आणि मदरबोर्डवरच्या नावाचे फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. बोर्ड कुठला ते कळलं की वरच्या तिघांतलं काय असेल याचा अंदाज येईल आणि पुढची पायरी मी तुम्हाला थेट कळवीन, पुढच्या अंकाची वाट बघायला लावणार नाही.